हमरापूरला आमचे चिप्स का खपायचे

मी एकतीस वर्षं दुकानदारांच्या गळ्यात वस्तू मारल्या. साबण, टूथपेस्ट, डासांच्या उदबत्त्या, बिस्किटं आणि शेवटची नऊ वर्षं डब्यातले चिप्स. यातल्या बहुतेक वस्तू माझ्याशिवायही खपल्या असत्या. साबणाला सेल्समन लागत नाही, अंगाला मळ असला की पुरतं. डब्यातल्या चिप्सची गोष्ट वेगळी. तो माल पेण आणि रोह्यात विकायला खरोखरच माणूस लागतो, आणि तोही जरा निर्लज्ज असावा लागतो. कंपनीनं योग्य माणूस निवडला होता.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुठ्ठ्याचा उंच गोल डबा, वर प्लास्टिकचं झाकण, त्याखाली चंदेरी सील आणि आत एकावर एक रचलेले, सगळे एकाच मापाचे आणि एकसारखे वाकलेले चिप्स. हे बटाटा कापून करत नाहीत. बटाट्याची पावडर, थोडं दुसरं पीठ आणि मीठ घालून मळतात, लाटतात, एका मापाने कापतात आणि वाकवून तळतात. म्हणून ते एकात एक बसतात. ट्रेनिंगमध्ये हे मला फळ्यावर चित्रं काढून शिकवलं होतं. पेणच्या बाजारात एका पापडवाल्या बाईंना मी ते जसंच्या तसं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे बटाट्याचा पापडच ना वो? मंग येवढं काय सांगताव?"

पेण हे पोह्याच्या पापडांचं गाव. तिथं मी परदेशी पापड विकायला निघालो होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर विचारू नका. कोणी डबा कानाशी धरून हलवायचं आणि "आत तुटलेत" म्हणून परत ठेवायचं. एक आजी रोज यायच्या आणि "चार सुटे दे" म्हणायच्या. वडखळच्या टपरीवर एक फिटर भेटला, डोलवीच्या स्टीलच्या कारखान्यात ड्यूटीवर निघालेला. त्याचा हात डब्यात अडकला होता. डबा कापू म्हटलं तर नको, आत अजून माल आहे. मूठ उघडा म्हटलं, तर म्हणाला, "मंग चिप्स खाली पडतील ना!" गेटवर अंगठा लावायचा होता आणि अंगठा आमच्या डब्यात होता. टपरीवाल्याने शेवटी डबा उलटा केला, चिप्स वर्तमानपत्रावर पडले आणि हात सुटला. तो फिटर नंतर दर आठवड्याला डबा घ्यायचा, पण उलटा करूनच खायचा.

विकायच्या नादात मी एक पापही केलं, ते आताच सांगून टाकतो. रोह्याला विष्णूशेठ म्हणून किराणा दुकानदार आहेत. तेव्हा सत्तरीला टेकले होते. शांत, कमी बोलणारा माणूस. महिनाअखेर होती, माझं टार्गेट बाकी होतं आणि गोडाऊनमध्ये कांद्याच्या चवीचा माल पडून होता. मी पंधरा पेट्या त्यांच्या दारात उतरवल्या.

"शेठ, ठेवा. नाय खपल्या तर मी स्वतः येऊन परत घेऊन जाईन."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

दोन महिन्यांनी कंपनीनं माल परत घेणं बंद केलं. मी जाऊन त्यांना तसं सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण मी त्यांचं दुकान दुसऱ्या सेल्समनकडे दिलं आणि त्या गल्लीतून जाणंच सोडलं. घर माझं वरश्याला, म्हणजे रोह्याला लागूनच. त्या गल्लीला वळसा घालून चार वर्षं मी बाजारात जात होतो. भाजी आणायला लागणाऱ्या वेळावरून बायको संशय घ्यायला लागली होती.

तर असा एकंदर खप. रायगडातून हा माल काढून टाकावा आणि त्याच्याबरोबर मलाही, असं वर चाललं होतं. तेवढ्यात हमरापूर पावलं.

हमरापूर हे पेणजवळचं गणपतीच्या कारखान्यांचं गाव. कारखाना म्हणजे धुराडं नव्हे, पडवीत नाहीतर शेडमध्ये मूर्ती करणारी, रंगवणारी घरं. तिथल्या नाक्यावरच्या दुकानातून होळीनंतर अचानक ऑर्डर यायला लागली. आधी एक पेटी, मग पाच, मग आठवड्याला वीस. सगळा माल साधा खारा. कांदा नको, मसाला नको, टोमॅटो नको. गणपती झाले की ऑर्डर बंद, पुढच्या होळीनंतर पुन्हा सुरू. सलग तीन वर्षं असं चाललं.

मी दुकानदाराला विचारलं, "किती पाठवू?" तो सांगायचा, मी लिहून घ्यायचो. यापलीकडे काही विचारावं असं मला सुचलं नाही. वर मात्र मी कळवलं की माझ्या सततच्या प्रयत्नांमुळे हमरापूरकरांना आपल्या साध्या चवीची गोडी लागली आहे. कंपनीनं मला सोनेरी रंगाची ढाल दिली. आमचे एरिया मॅनेजर सबनीस साहेब, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि उत्साही, त्यांनी या प्रकाराला 'हमरापूर पॅटर्न' असं नाव दिलं. आणि एक दिवस त्यांचा फोन आला की परवा मी स्वतः येतोय, मला चिप्स खाणारी माणसं प्रत्यक्ष बघायची आहेत.

आता खाणारी माणसं मीही बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच हमरापूर गाठलं. दुकानदाराने एका पडवीकडे बोट दाखवलं, "ती भारती. सगळ्यात जास्त तीच नेते."

भारती तिशीची असेल. नवरा डोलवीला कंत्राटी कामावर. ती आधी दुसऱ्याच्या कारखान्यात रोजाने मूर्ती रंगवायची. डोळ्यांची आखणी तिच्यासारखी कोणाची नाही असं लोक सांगायचे. तीन वर्षांपूर्वी तिने सासूच्या पडवीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. मी गेलो तेव्हा ती एक वीतभर उंचीचीही नसलेली शाडूची मूर्ती हातात घेऊन बसली होती. शेजारी आमचा डबा. तिने डब्यात तळाला लाकडाचा भुसा घातला, मूर्ती अलगद आत सोडली, वरून पुन्हा भुसा, आणि टप्प करून झाकण लावलं.



"हे काय गो?" मी विचारलं.

"परदेशी पाठवायला," ती म्हणाली. "खोक्यात घातली की सोंड तुटते. तुटलेली मूर्ती पूजेला चालत नाय. यो डबा कडक हाय, आतून चांदी हाय, ओल शिरत नाय. साचाच या मापाचा केलाय मी."

"आणि चिप्स?"

तिने कोपऱ्यातल्या स्टीलच्या मोठ्या डब्याकडे पाहिलं. "घ्या ना. चहा ठेवते."

"साधेच का नेता? कांद्याचे का नाही?"

यावर आतून तिच्या सासूबाई, हिराबाई, बाहेर आल्या. नऊवारी, हातात तांदळाचं सूप. "कांद्याच्या डब्यात बाप्पा बसवताव? कोनी शिकवलं तुमाला?"

माझी साध्या चवीची गोडी ती ही. भारतीचं बघून आणखी पाच-सहा घरांनी तेच सुरू केलं होतं. मी घाम पुसला आणि हात जोडले. उद्या साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर तुम्ही फक्त दोन-दोन चिप्स खा, एवढीच विनंती केली. डबे बंद झाले तर तुमचीही अडचण आणि माझीही. भारती हसायला लागली. हिराबाई नाही हसल्या.

सबनीस साहेब आले तो दिवस नेमका संकष्टीचा. गणपतीच्या कारखान्यात संकष्टीला कोणाचा उपास नसणार? पडवीत सहा बाया रंगकाम करत बसलेल्या, पुढ्यात चिप्सची ताटली, आणि एकही हात पुढे येईना. साहेब माझ्याकडे बघतायत, मी भारतीकडे, भारती सासूकडे. शेवटी हिराबाईंनी मला विचारलं, "बटाट्याचा हाय ना? मंग उपासाला चालेल."

चालत नव्हता. त्यात गव्हाचं पीठ होतं, हे पेणच्या पापडवाल्या बाईंना समजावून सांगणारा मीच. पण कोणाचा उपास माझ्यामुळे मोडावा इतकाही मी कोडगा नव्हतो. तोंड उघडून मी "आजी, त्यात" एवढं म्हणेपर्यंत भारतीची एक मैत्रीण, जिचा उपास नव्हता, ती पुढे झाली आणि एकामागून एक अकरा चिप्स खाल्ले. हिराबाईंनी एक चिप उचलून नुसता हातात धरला. साहेबांनी तेवढ्यात त्यांचा फोटो काढला. सुपासमोर बसलेल्या, एका हातात चिप धरून त्याच्याकडे संशयाने बघणाऱ्या हिराबाई.

"किती निरखून बघतात!" साहेब गाडीत बसताना म्हणाले. "हे खरं ब्रँडवरचं प्रेम."

मी गाडीचं दार लावून दिलं. इथे मी खरं बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

दिवाळीच्या सुमारास सगळ्या सेल्समनना एक फॉर्म आला. डब्याचा घेर किंचित कमी करायचा विचार आहे, उंची आणि चित्र तेच राहील, तुमच्या भागातल्या गिऱ्हाइकाला फरक जाणवेल का? खाली सबनीस साहेबांनी पेनाने लिहिलं होतं, 'हमरापूरचं मत महत्त्वाचं.' मी फॉर्म वाचला, किंचित म्हणजे किती तेही वाचलं, आणि नखभराने काय होतंय असं मनाशी म्हणून लिहून दिलं, 'आमचं गिऱ्हाईक डबा बघत नाही, आतला माल बघतं.' सही ठोकली. हे वाक्य लिहिताना मला त्या पडवीची आठवणही झाली नाही, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. पण नाही झाली. इतकी वर्षं जे लिहायचो तेच हाताने लिहिलं.

पुढच्या आषाढात एका मंगळवारी भारतीचा फोन आला. तिचा आवाज घाबरा होता.

"भाऊ, बाप्पाचे कान अडले."

मी पोचलो तेव्हा पडवीत सव्वाशे मूर्ती रांगेनं उभ्या होत्या, पूर्ण झालेल्या, आखणीसकट. परदेशातल्या एका मराठी मंडळाची ऑर्डर होती. सव्वाशे घरांत सव्वाशे मूर्ती, शाडूच्याच आणि डब्यातूनच हव्या, कारण आदल्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून खोक्यांतून मागवलेल्या निम्म्या मूर्ती भंगून पोचल्या होत्या. भारतीच्या स्वतःच्या नावावरची ही पहिली मोठी ऑर्डर. नवऱ्याशी तिचं ठरलं होतं की ही नीट गेली तर पडवीतला कारखाना चालू ठेवायचा, नाहीतर पुन्हा रोजाने दुसऱ्याकडे जायचं. शनिवारी दुपारी कुरियरची गाडी येणार होती.

तिने दुकानातून नेहमीसारख्या पेट्या आणल्या होत्या. चित्र तेच, उंची तीच. सगळे डबे रिकामे करून, पुसून ठेवले होते. मग पहिली मूर्ती घातली. पाट गेला, पोट गेलं, सोंड गेली, आणि कान डब्याच्या काठावर अडकले. बाप्पा डब्याबाहेर डोकं काढून आमच्याकडे बघत होते.

"कानाला जरा घासलं तर?" मी म्हणालो.

हिराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच दोन पावलं मागे सरलो.

"असं कसं झालं पन?" भारती म्हणाली. "कंपनीला काय गरज पडली? कोनाला तरी इचारलं असेल ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की मलाच विचारलं होतं. मीच सही केली.

 भारतीने अडकलेली मूर्ती सावकाश बाहेर काढली आणि रांगेत परत ठेवली. ते बघवेना. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला दुकानदारांनी, साहेबांनी, एकदा तर एका दुकानदाराच्या कुत्र्यानेही झाडलंय, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सही करताना वाचलं नवतं काय?" हिराबाईंनी विचारलं.

"वाचलं होतं."

"मंग?"

"वाटलं, नखभराने काय होतंय."

त्यांनी मूर्तीच्या कानाकडे बोट दाखवलं आणि आत निघून गेल्या.

मी अंगणात जाऊन सबनीस साहेबांना फोन लावला. जुन्या मापाचा साधा माल डेपोत थोडा उरला होता, पण तो दुसऱ्या राज्यात जायचा होता. तो अडवायचा तर कारण द्यायला हवं. मी दिलं. अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

"हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंय?"

"नाही सर."

"मग मलाही सांगितलेलं नाही."

"सर, बाईचं नुकसान..."

"अहो, हिराबाईंचा फोटो दिल्लीच्या हेड ऑफिसात पहिल्या स्लाईडवर आहे!" साहेब जवळजवळ रडकुंडीला आले होते. "माझं प्रमोशन त्या फोटोवर झालंय. आता मी वर काय सांगू? त्या चिप खात नव्हत्या म्हणून?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

हमरापुरातल्या बाकीच्या घरांचे जुने डबे मूर्तींसकट आधीच गेले होते. बुधवारी मी मोटरसायकल घेऊन निघालो. पेण, वडखळ, नागोठणे, एकेका दुकानात शिरून जुना डबा आहे का विचारत होतो. जन्मभर माल द्यायला येणारा माणूस माल मागतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं काहीतरी विषारी निघालंय. नागोठण्याच्या एका दुकानदाराने तर विचारलं, "खाल्ल्याला तीन म्हैने झाले, आता दाखवायला जाऊ काय डॉक्टरला?" दिवसभरात डबे मिळाले नऊ. संध्याकाळी रोह्यात पोचलो तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की आणखी जुने डबे असलेच तर कुठे असतील. त्या गल्लीत चार वर्षांनी पहिल्यांदा शिरलो.

विष्णूशेठ तूरडाळ जोखत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डाळ पुडीत बांधून गिऱ्हाइकाला दिली आणि मग म्हणाले, "या. बसा. चहा सांगू?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"शेठ, मी माल परत न्यायला आलोय."

"चार वर्षं झाली."

"हो."

ते उठले. गुडघे धरून शिडी चढले, मी मागून. माळ्यावर पोत्यांच्या मागे आमच्या पेट्या रचलेल्या होत्या, वर गोणपाट घातलेलं. वरच्या तीन पेट्यांचा उंदरांनी फडशा पाडला होता. उरलेल्या बारा जशाच्या तशा होत्या, प्रत्येकीत बारा डबे. तारखा केव्हाच उलटून गेलेल्या.

"फेकून का नाही दिल्यात?" मी विचारलं.

"तुम्ही येतो म्हणून शब्द दिला होतात," शेठ म्हणाले. "उद्या तुम्ही यायचे आणि माल नाय म्हटल्यावर खोटा मी ठरायचो."

मला रडू आलं. माळ्यावर धूळ फार होती, म्हणून चाललं. शेठनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि भाड्याच्या टेम्पोत पेट्या चढवताना स्वतः एक टोक धरलं.

आता तुम्ही म्हणाल प्रश्न सुटला. तो माल कांद्याचा होता हे विसरलात. मी नव्हतो विसरलो, पण हिराबाईंना काहीतरी पटवता येईल असं मला वाटत होतं. शेवटी सेल्समन होतो. गुरुवारी सकाळी पहिल्या डब्याचं सील फोडलं आणि चार वर्षं कोंडलेला कांदा पडवीभर पसरला. रंगकाम करणाऱ्या बाया पदर नाकाला लावून उठल्या.

"नाय," हिराबाई म्हणाल्या.

"आजी, आतून पुसून घेऊ."

"नाय."

"हळदीच्या पाण्याने पुसू. उन्हात ठेवू."

त्यांनी बाहेर पाहिलं. आषाढ धो धो कोसळत होता. ऊन कुठलं?

 भारती सासूसमोर जाऊन बसली. "आये, तुटलेला बाप्पा कोनाच्या घरी गेला तर त्याची पूजा होनार नाय. वास येनारा गेला तर होईल. तुमीच सांगा काय पाठवू."

हिराबाईंनी त्या मूर्तींच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग उठल्या, देवघरातून धुपाटणं आणलं, चुलीतले निखारे घातले, त्यावर ऊद टाकला आणि पहिला डबा हाताने उलटा धरला. धूर आत कोंडला, मग काठावरून बाहेर यायला लागला. त्यांनी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"कांदा गेला नाय. पन लाजला."

झालं! शेजारच्या चार घरांतून धुपाटणी आली. हळदीच्या फडक्याने पुसायचं, मग उलटा डबा धुरावर धरायचा. दोन दिवस आम्ही हेच करत होतो. भारतीचा नवरा शिफ्ट संपवून यायचा आणि थेट धुपाटण्यासमोर बसायचा. मी रजा टाकली होती, कारण लिहिलं होतं, घरगुती कार्य. शुक्रवारी पडवीतून इतका धूर निघाला की पलीकडच्या आळीतला एक भला माणूस "आग लागली, आग लागली" करत पाण्याची बादली घेऊन धावत आला. कच्च्या मातीच्या सव्वाशे मूर्ती आणि दारात बादली उगारलेला माणूस! भारती, मी, हिराबाई, सगळे एकदम ओरडलो, "पानी नको!" तो इतका दचकला की अख्खी बादली त्याने स्वतःच्याच पायावर ओतली. नंतर त्याला चहा दिला आणि धुपाटण्याजवळ शेकायला बसवला. त्यानेही वीसेक डबे धुपवले.

शनिवारी दुपारी कुरियरची गाडी आली तेव्हा सव्वाशे डबे पेट्यांत बंद होते. सगळ्यांचे कान आत. भारतीने शेवटच्या पेटीला हात लावून नमस्कार केला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती पावसात उभी राहिली. मग मला म्हणाली, "भाऊ, आता तुमी घरी जाऊन झोपा. डोळे बघा कसे झालेत." मी घरी गेलो. अंगाला उदाचा आणि कांद्याचा असा काही वास येत होता की बायकोने आधी आंघोळीला पाठवलं आणि मग कारण विचारलं.

तीन आठवड्यांनी मंडळाकडून निरोप आला. एकशे पंचवीसच्या एकशे पंचवीस मूर्ती सुखरूप. एका बाईंनी खास कळवलं होतं की डबा उघडताच गावाकडच्या देवघराचा वास आला, आणि मग का कोण जाणे, कांदाभजी खावीशी वाटली. पडवीतला कारखाना राहिला. दिवाळीआधीच पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी यायला लागल्या.

पण भारती पुन्हा आमच्या डब्यांच्या भरवशावर राहणारी नव्हती. पेणला एक जण कापडाच्या गुंडाळ्यांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या करायचा. तिने त्याच्याकडून आपल्या मापाचे डबे करून घेतले. पांढरे, आतून चांदीचे, वर झाकण आणि झाकणावर तिचं नाव. बाकीच्या घरांनीही तेच घेतले. त्या होळीनंतर नाक्यावरच्या दुकानातून आमची एक पेटीही उचलली गेली नाही.

माझ्या निवृत्तीला दोन आठवडे उरले असताना मुंबईला मिटिंग झाली. दिल्लीचे मोठे साहेब आले होते. ते मराठी, पण बरीच वर्षं बाहेर राहिलेले. टेबलावर प्रत्येकासमोर बशीत आपलेच चिप्स. पडद्यावर हिराबाई, हातात चिप धरून. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हमरापूर अख्खं हातातून गेलं. कोणी घेतलं? कुठला ब्रँड?"

सबनीस साहेब समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. मी उभा राहिलो.

"साहेब, चूक माझी आहे. सबनीस साहेबांना मी जे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं. लोक किती घेतात ते मी दर आठवड्याला विचारलं. कशाला घेतात ते कधीच विचारलं नाही. त्यांना डबा हवा होता. लहान गणपती पाठवायला. आता त्यांनी स्वतःचा डबा केला."

 मोठ्या साहेबांनी बशीतला एक चिप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. त्यांनी पडद्यावरच्या हिराबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि आतले चिप्स?"

"ते आधी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना द्यायचे, साहेब. मग पाहुणे यायचे बंद झाले, तेव्हा कोंबड्यांना."

मोठ्या साहेबांनी चिप अलगद परत बशीत ठेवला.